नवी कूर्चा: आशा किती, जाहिरात किती?

सुरतेतील उधना व लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागापुढे १२-१२ तास उभे राहणाऱ्यांस गुडघ्याचे दुखणे सांगावयास नको. अशांच्या कानी हल्ली एक वार्ता येते, की प्रयोगशाळेत मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, नवी कूर्चा वाढवितात आणि ती गुडघ्यात बसवितात. यात खरे किती, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरील गुळगुळीत, पांढुरके आवरण. बोकडाच्या सांध्यावर ते आमच्या गृहिणींनी अनेकदा पाहिले असेल. जाडी अवघी २ ते ४ मिलिमीटर. तीत रक्तवाहिनी नाही. बोट कापले तर रक्त धावून येते व जखम भरते. येथे धावून येणारे कोणीच नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लिहून ठेविले होते.

१९९४ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवरील नवा उपचार प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच गुडघ्यातील, भार न पडणाऱ्या जागेची चिमूटभर कूर्चा काढावयाची, तिच्या पेशी पोषक द्रवात काही आठवडे वाढवावयाच्या आणि मग झिजलेल्या खड्ड्यात सोडावयाच्या. मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशाच उपचारास आपल्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली परवानगी दिली. भाताची आवणीच म्हणा ना! परंतु आवणी चिखलात होते, कातळावर नव्हे. अपघाताने पडलेला एखादा खड्डा याने भरेल. म्हातारपणी सारा सांधाच झिजला असेल, तर हा उपाय त्यासाठी नाही.

शिवाय या पेशी मुळातच कूर्चेच्या. अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील मूलपेशींपासून कूर्चा घडविणे याहून अवघड. प्रयोगशाळेत ती घडते, हे खरे. पण पुढे ती कठीण होऊन हाडाच्या वाटेस लागते. गर्भातील बाळाची बहुतेक हाडे आधी कूर्चेचीच असतात. तीच वाट या पेशी धरतात, आणि त्यांस मध्येच थांबविणे शास्त्रज्ञांस अजून नीटसे साधलेले नाही. बंगलोरच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या, दात्यांच्या मज्जेपासून केलेल्या इंजेक्शनास गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ साली मान्यता मिळाली. त्याने वेदना कमी होत असतील. पण त्यास कोरी कूर्चा समजू नये.

हे धर्मास चालते काय? प्रौढ माणसाच्या संमतीने, त्यास गंभीर इजा न करता घेतलेल्या पेशींस ख्रिस्तसभेचा विरोध नाही. विरोध आहे तो मानवी भ्रूण नष्ट करण्यास. २००८ सालच्या रोमच्या सूचनापत्रात हे स्पष्ट केलेले आहे.

आमची खरी काळजी वेगळीच आहे. जाहिरात वाचून कोणी शेत गहाण टाकतो, कोणी मुलीचे दागिने मोडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार परवानगी नसलेला मूलपेशी-उपचार हा केवळ प्रयोग ठरतो, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. तेव्हा डॉक्टरांस आधी हेच विचारावे, की या उपचारास औषध नियंत्रकांची परवानगी आहे काय? कागद दाखविता आला नाही आणि तरीही पैसे मागितले, तर सरळ उठून घरी यावे.