तिसरा महिना हातचा जाऊ देऊ नका



या सदरात आपण बी-बियाणे, खते आणि पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातला आहे. मी डॉक्टर नाही; पण वेळ टळली की केलेली मेहनत कशी वाया जाते, हे शेतकी खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

लग्न उशिरा झाले, किंवा धाकट्या मुलानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले, अशी पस्तिशी ओलांडलेली गरोदर बाई आपल्याही माहितीत असेल. ‘थोरली लग्नाला आली आणि आता हे काय’ या संकोचाने ती गोष्ट लपवते. त्यातून तीन महिने कुणाला सांगू नये, ही जुनी रीत. नाव नोंदवायला जाईपर्यंत चौथा-पाचवा महिना उजाडतो आणि पहिल्या तपासणीची वेळ निघून गेलेली असते.

ही तपासणी कशासाठी? माणसाच्या पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात. कधी कधी २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त येते आणि ४७ होतात. असे मूल शरीराने व बुद्धीने सावकाश वाढते. सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयातही दोष असतो. याला डाउन सिंड्रोम म्हणतात. त्याचे हे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले. ग्रहण पाळले नाही, नजर लागली, बाईचे काही चुकले, यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नाही.

आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते. पंचविशीत सुमारे १,२५० बाळांत एक, पस्तिशीत सुमारे ३५० त एक, तर चाळिशीत सुमारे १०० त एक. म्हणजे चाळिशीतही शंभरांतली नव्व्याण्णव बाळे या दोषापासून मुक्त असतात. म्हणून घाबरू नये. पण गाफीलही राहू नये.

पहिली तपासणी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत होते. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागील पाण्याची जाडी मोजतात आणि आईच्या रक्ताची ‘डबल मार्कर’ चाचणी करतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. पाळी १५ जूनला आली असेल, तर ही तपासणी ३१ ऑगस्ट ते २० सप्टेंबर या दिवसांतच व्हायला हवी. म्हणून पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. ही वेळ चुकलीच, तर १५ आठवड्यांनंतर रक्ताची दुसरी चाचणी आहे, डॉक्टरांना विचारावे. आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रे पाहणारी, दहाव्या आठवड्यापासून करता येणारी अधिक अचूक चाचणीही निघाली आहे. पण ती महाग आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. या चाचण्या म्हणजे चाळणी आहे. धान्य चाळले की चाळणीत खड्यांबरोबर चांगले टपोरे दाणेही राहतात. ते हाताने निवडावे लागतात. तसेच मार्करच्या चाचणीत ‘धोका जास्त’ असा अहवाल आलेल्या बहुतेक बायकांचे बाळ निरोगीच निघते. आणि एखादा बारीक खडा चाळणीतून खालीही जातो. तेव्हा अशा अहवालावरून कोणताही निर्णय घेऊ नये. खात्रीसाठी वारेचा अंश किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. तो आधी समजून घ्यावा.

दोष नक्की झाला तर पुढे काय, हे त्या बाईने व तिच्या नवऱ्याने डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. गर्भपाताच्या कायद्यात सर्वसाधारणपणे आठवड्यांची मर्यादा आहे, आणि सज्ञान बाईच्या स्वतःच्या संमतीशिवाय तो करता येत नाही. सासू-सासऱ्यांनी धीर द्यावा, हुकूम देऊ नये. बाळ ठेवायचे ठरले तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करता येते आणि हृदयाची तपासणी लगेच होते. अशी मुले शिकतात, हसतात-खेळतात, घरकामाला हातभारही लावतात.

एक मात्र कुणी विचारू नये: मुलगा की मुलगी? आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला, पाठोपाठ १९९४ साली देशाचा कायदा आला. सांगणारा डॉक्टर जसा गुन्हेगार, तसा विचारणारा नातेवाईकही.

शेवटी चार कामे सांगतो:

१. पाळी चुकताच आशाताईंना सांगून उपकेंद्रात नाव नोंदवा.

२. डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीपासूनच.

३. रक्तदाब व साखर तपासून घ्या. या वयात दोन्हींचा त्रास जास्त होतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

४. मार्करच्या चाचण्या कुठे होतात व खर्च किती, हे दुसऱ्या महिन्यातच विचारून ठेवा.

पेरणीचा वाफसा आपण साधतोच. घरातल्या बाईसाठी हे तीन आठवडेही तितक्याच काळजीने साधा.