आदर्श नगरीतील गटारे

वाचकहो, कल्पनेतील एखाद्या सुखी राज्याचे वर्णन आपल्या हाती आले, तर तेथील उद्याने आणि न्यायसभा पाहण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : या राज्यातील गटारे कोण उपसतो? ग्रंथकर्त्याने समतेचा कितीही उद्‌घोष केलेला असो, त्याची समता कोठवर पोहोचते हे या उत्तरावरून कळते.

टॉमस मोर या इंग्रज मुत्सद्द्याचा ‘युटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ १५१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या बेटावर खाजगी मालमत्ता नाही, सोन्याला प्रतिष्ठा नाही. स्त्रीपुरुषांनी दिवसाकाठी सहा तास काम करावे असा दंडक आहे. त्या काळी हा विचार लहानसहान नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुढील पाने वाचा. सार्वजनिक भोजनगृहातील जड आणि घाणेरडी कामे दास करतात. जनावरे मारण्याचे कामही त्यांचेच, आणि तेही नगराबाहेर. कारण काय, तर हत्येच्या सवयीने नागरिकांच्या अंतःकरणातील दया नष्ट होईल! मांस मात्र नागरिकांच्या पंक्तीत येते. ज्याच्या हाती सुरी दिली, त्याच्या दयेची चिंता ग्रंथात कोठेही नाही. गावकुसाबाहेर राहून ज्यांच्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढली, त्यांना ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. तथापि मोरच्या बेटावर दासाचे मूल जन्माने दास ठरत नाही. आमच्या धर्मशास्त्रकारांना तेवढेही सुचले नाही.

संत रविदासांनी ‘बेगमपुरा’ या आपल्या पदात अशीच एक नगरी कल्पिली. तेथे कर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा माणूस नाही, कोणालाही कोठेही जाण्यास अटकाव नाही. कामाची वाटणी कशी असावी हे त्यांनी सांगितले नाही. पण पदाच्या अखेरीस स्वतःच्या नावाबरोबर आपली चर्मकार ही ओळखही उच्चारली. दासांच्या नगरीत आणि या नगरीत हे अंतर आहे.

वाटणीचा प्रश्न सरळ हाताळला तो अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी याने. १८८८ सालच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ या कादंबरीत त्याने सन २००० मधील बॉस्टन शहर रंगविले. तेथे सर्वांचे उत्पन्न समान आहे. जे काम अधिक कष्टाचे, त्याचे तास कमी. एखाद्या कामाला माणसे मिळेनाशी झाली की तास आणखी घटवावयाचे. शिवाय एकविसाव्या वर्षी कामावर येणाऱ्या प्रत्येकाने पहिली तीन वर्षे साधा मजूर म्हणून सांगितले जाईल ते काम केले पाहिजे. त्या राज्याची लष्करी शिस्त मला रुचत नाही. परंतु बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. आणि बेलामीचा हा तीन वर्षांचा नियम नेमका तिच्याच मुळावर येतो.

कादंबरीतील ते साल केव्हाच मागे पडले. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा आपल्याकडे १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतच आहेत, आणि ती कोणत्या वस्तीतील असतात हे सांगावयास नको. बेलामीचा नियम येथे लावून पाहा. आयुक्ताच्या आणि कंत्राटदाराच्या पुत्रालाही त्या झाकणाखाली उतरण्याची पाळी येऊ द्या; यंत्रखरेदीची निविदा त्याच आठवड्यात निघेल. तूर्त आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात या यंत्रांसाठी किती रक्कम धरली आहे, एवढे तरी प्रत्येक वाचकाने आपल्या नगरसेवकास लेखी विचारावे.