भोंगा वाजतो, पण घरात बंद कोण करतो?

आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या गावसभेत एक निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून तो अमलातही आला. रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की मगच ते सुरू होतात. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, म्हणून हा उपाय निघाला. देशभर त्याची बातमी झाली.

आम्हाला त्या बातमीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा पुरुषमंडळी हसली होती. मग बायकांना एकत्र बसवले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की आम्हीच मालिका फार पाहतो, तेव्हा बंद करायचे तर सगळ्यांचेच बंद करा. नंतर आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. हेतू तोही चांगलाच. पण एका गावात नियम मुलांसाठी झाला, दुसऱ्या गावात घरासाठी. आमचा कौल घरासाठी केलेल्या नियमाला आहे.

कारण तीन वर्षांचे मूल बाजारात जाऊन मोबाईल आणत नाही. तो कोणीतरी हातात देते. का देते, हे आधी पाहू. भाकरी तव्यावर असते, धाकटे रडत असते आणि मोठ्याला सांभाळायला कोणी नसते. घास भरवताना व्हिडिओ लावला की ताट लवकर रिकामे होते. दादी दिवसभर एकटी असते, म्हणून टीव्ही चालूच राहतो. अब्बा थकून येतात आणि स्वतःच फोन उघडून पडतात. आपल्या आटपाडी-खानापूर भागातले कितीतरी पुरुष गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात आहेत. त्यांच्या लेकरांना बाप दिसतो तो मोबाईलच्या पडद्यावरच. अशा व्हिडिओ कॉलला आमची हरकत नाही. त्यात माणूस माणसाशी बोलतो, मूल ऐकते आणि उत्तर देते. प्रश्न फोन ठेवल्यानंतर तोच मोबाईल तासभर मुलाच्या हातात राहतो त्याचा आहे.

आणि दोष मात्र एकट्या अम्मीच्या पदरी पडतो. 'तूच पोराला सवय लावलीस,' असे सासरी ऐकवले जाते. ज्या घरात चार मोठी माणसे आहेत, तिथे एकीलाच स्वयंपाक, धुणे आणि मूल सांभाळावे लागत असेल, तर मोबाईल हा तिचा मदतनीस होणारच. ती मदत आपण दिली नाही, म्हणून यंत्राने दिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तमच. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण हाच आहे. कारण समजून घ्यावे. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून घरातले बोलणे मोजले होते. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी झालेले आढळले. म्हणजे टीव्ही मुलासाठी लावलेला नसला, तरी घर मुके होते. आपल्या मुलांना तर घरात दख्खनी, शाळेत उर्दू किंवा मराठी अशा दोन-तीन भाषा पेलायच्या असतात. त्यांना शब्द हवेत ते जिवंत माणसाच्या तोंडचे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की तुमच्यातला प्रत्येकजण राखणदार आहे आणि ज्यांची राखण त्याच्याकडे आहे त्यांच्याविषयी त्याला विचारले जाईल. पुरुषाला घरच्यांबद्दल, स्त्रीलाही तिच्या घराबद्दल. माणदेशात मेंढरांमागे जाणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. कळप सोडून मेंढका झाडाखाली झोपला, तर कोकराला दोष देता येत नाही.

मोहित्यांच्या वडगावला भोंगा बसवावा लागला. आपल्या मोहल्ल्यात मगरिबची अजान रोज होतेच. तेव्हा मगरिब ते इशा एवढा वेळ घरातल्या सगळ्यांचे फोन एका जागी ठेवावेत. टीव्ही बंद. गलाईवर असलेल्या अब्बांनी फोन त्याआधी किंवा नंतर करावा. दादींनी एखाद्या नबींचा किस्सा सांगावा, मोठ्या भावंडाने धाकट्याला कायद्यातली अक्षरे दाखवावीत, घरातल्या पुरुषाने मूल कडेवर घ्यावे किंवा दस्तरखान मांडावे. जेवताना मोबाईल कोणाच्याच हाती नको, पाहुण्यांच्याही नाही. पहिले चार-आठ दिवस मूल रडेल. तेव्हा 'उद्या देते' असे खोटे आश्वासन देऊ नये. जे देणार नाही, त्याची लालूच दाखवणे हे आपल्या दीनमध्ये खोटेच धरले जाते.

या महिन्यात हे करून पाहावे. आणि सुरुवात मुलाच्या हातातल्या फोनपासून करू नये. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने आपला फोन आधी ठेवावा.