कात्री कुणाच्या हातात?

न्यूझीलंडमध्ये एका बाईचा मेंदू एका पुस्तकानं वाचवला. जॅनेट फ्रेम तिचं नाव. रेल्वेत राबणाऱ्या बापाची पोर. डॉक्टरांनी तिच्या कपाळावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारला. वर्षानुवर्षं एका इस्पितळातून दुसऱ्यात ढकलली, विजेचे झटके दिले, आणि शेवटी लोबोटमी करायचं ठरवलं. लोबोटमी म्हणजे मेंदूतले धागे तोडून माणूस गप्प करायचा. तेवढ्यात तिच्या 'द लगून' (१९५१) या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची बातमी आली. इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरानं ऑपरेशन रद्द केलं. पुढं लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच. मग तिनं इस्पितळाच्या आतल्या जगावर 'फेसेस इन द वॉटर' (१९६१) ही कादंबरी लिहिली.

हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. छापलेल्या पानात केवढी ताकद असते ते कळावं म्हणून सांगतोय. जे पान माणसाला वाचवतं, तेच पान माणसाला खड्ड्यातही घालू शकतं. आणि आपण मात्र हातात येईल ते, येईल तसं छापत सुटलोय.

मी दिवसा प्रूफं तपासून पोट भरतो. रात्री आपल्या अंकासाठी आलेला गठ्ठा वाचतो. अलीकडं त्या गठ्ठ्यात एक माणूस सारखा भेटतो, मन मोडलेला माणूस. होस्टेलच्या खोलीत गप्प झालेला पोरगा. बाळंतपणानंतर लेकराकडं न बघणारी बाई. गटारात उतरून आल्यावर रात्रभर हात धुणारा बाप. हे लिहिलं जातंय ते चांगलंच आहे. आपल्या बापजाद्यांना भूक सांगायलाच जन्म पुरला नाही. डोक्यात काय चाललंय हे सांगायची उसंत त्यांना कुणी दिली?

पण ही कथा जशी आली तशीच छापायची, असा आपल्यात एक अलिखित कायदा होऊन बसलाय. 'दोस्ता, ही दोन पानं काढ' म्हटलं की उत्तर तयार, 'तू सदाशिव पेठेत कधी राहायला गेलास?'

या रागाला कारण आहे, ते मी नाकारत नाही. १९६९ साली 'सत्यकथे'चा अंक जाळला गेला तो उगाच नव्हे. संपादक म्हणजे सोवळं नेसून दारात बसलेला राखणदार, हा आपला अनुभव होता. आमची भाषा त्याला ओबडधोबड वाटायची, आमचं दुःख प्रचारकी वाटायचं. त्या कात्रीला आपण भीक घातली नाही, आपली अनियतकालिकं काढली. बरोबरच केलं.

आणि दुसरं, बाबासाहेबांचा स्वल्पविराम. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यांना १९३६ च्या परिषदेत अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण वाचून मंडळाची पाचावर धारण बसली. हे काढा, ते गाळा, सुरू झालं. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. आज आपला प्रत्येक नवा लेखक हा स्वल्पविराम खिशात घेऊन फिरतो.

पण नीट बघा. मंडळाला भाषा सुधारायची नव्हती. त्यांना विचार कापायचा होता, आणि तो स्वतःची कातडी वाचवण्यासाठी. तिथं बाबासाहेब अडले. त्याच पुस्तकाच्या १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आणि तिला दिलेलं आपलं उत्तर जोडलं. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीवेळी त्यांना सगळी मांडणीच नव्यानं करायची होती, पण वेळ मिळाला नाही. म्हणजे स्वतःच्या लिखाणावर पुन्हा बसायला ते तयार होते. दुसऱ्याच्या भीतीपोटी वाकायला तयार नव्हते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांचा काला करून टाकलाय.

कात्र्या दोन असतात. एक जीभ कापते. दुसरी नाळ कापते. गावोगावच्या पोरांच्या नाळा आपल्याच आज्यांनी कापल्यात.  मनाच्या आजारावरची गोष्ट लिहिणाऱ्याला ही दुसरी कात्री सगळ्यात जास्त लागते, कारण त्याची जखम आणि त्याचं लिखाण एकमेकांना चिकटलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, कच्चं तेच खरं. मग बेसी हेड वाचा. जन्म १९३७, दक्षिण आफ्रिकेत, पीटरमॅरित्सबर्गच्या मनोरुग्णालयात. आई गोरी, बाप काळा, आणि आईला तिथं कोंडलेलं. १९६४ मध्ये परत न येण्याच्या अटीवर तिनं देश सोडला आणि बोट्सवानात सेरोवे गावी राहिली. 'मारू' (१९७१) मध्ये तिनं मसार्वांवर लिहिलं. ज्यांना तिथले काळे लोकही माणसात मोजत नव्हते, त्या जमातीतली एक शिक्षिका त्यात आहे. म्हणजे वेशीबाहेरच्यांची वेस बेसीनं बघितली होती. त्याच १९७१ मध्ये तिचं मन कोसळलं आणि तिला लोबात्सेच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९७३ मध्ये 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' आली.

ही कादंबरी वाचताना डोकं गरगरतं. एलिझाबेथ या बाईला सेलो आणि डॅन हे दोन पुरुष भासात येऊन छळतात. खरं काय, भास काय, तिला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही. पण लेखिकेला कळतं! पुस्तकाचे सरळ दोन भाग आहेत, एक सेलोचा, एक डॅनचा. आणि त्या छळाच्या मधे मधे भाजीचा मळा येतो, केनोसी नावाची कष्टाळू मैत्रीण येते, गूजबेरीचा मुरंबा येतो, एलिझाबेथचं लहान पोर येतं. वाचणाऱ्याचा पाय बुडायला लागला की खाली जमीन लागते. लेखिकेनं स्वतःला 'मी' म्हटलेलं नाही, 'एलिझाबेथ' म्हटलंय. हा भोगलेल्या दुःखाचा नुसता ढीग नाही. हे रचलेलं आहे. रंगाचा छळ आणि मनाचा आजार यांतलं एकही तिनं लपवलेलं नाही, आणि एकाच्या खाली दुसरं दडपलेलंही नाही.

आपल्याकडं नेमकं हेच फसतं. रोहित वेमुला गेला १७ जानेवारी २०१६ ला. पायल तडवी गेली २२ मे २०१९ ला. असं काही झालं की व्यवस्थेला 'नैराश्य' हा शब्द फार सोयीचा पडतो. जात झाकली जाते, रोग तेवढा उरतो. याच्याविरुद्ध आपण ओरडलो ते रास्तच. पण ओरडता ओरडता आपल्या कथेत उलटं घडायला लागलंय. सगळी जातच, रोग नाहीच. आजारी माणूस माणूस राहत नाही, मोर्चातला फलक होतो. परवाच एक कथा आली. नायक गोळ्या गटारात फेकतो, मोर्चात घुसतो, घोषणा देतो आणि खडखडीत बरा होतो. ही कथा गोळ्या चालू असलेल्या एखाद्या पोरीनं वाचली आणि उद्यापासून गोळ्या बंद केल्या तर? क्रांतीचं नाव घेऊन आपण तिला कुठं नेऊन सोडलं?

ज्याला काम येतं तो संपादक इथं पेन्सिल घेऊन अडवतो. तो विचारतो, कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? तुझ्या पात्राच्या अंगात दोन माणसं आहेत आणि तू त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतोस, हे कुठून आणलंस? ग्रीक शब्दाचा अर्थ 'दुभंगलेलं मन' असला तरी त्या आजारात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत. तुझी कथा २०२३ ची आहे आणि त्यात सरकारी इस्पितळ पेशंटला साखळदंडानं बांधतं, भूल न देता शॉक देतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं या दोन्ही गोष्टींना बंदी केलीय. घडत असेल तर जरूर लिही, पण गुन्हा म्हणून लिही, रिवाज म्हणून लिहू नकोस. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा दर्ग्याजवळच्या झोपडीत साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून मेली. साखळी ही तुझ्या वर्णनातली शोभा नाही, दोस्ता.

आणि मरणाचं वर्णन. जीव कसा दिला, कशानं दिला, किती वेळ लागला, हे आमचे लेखक पाककृतीसारखं लिहितात. वास्तववाद म्हणे! जे ॲशरच्या कादंबरीवरनं नेटफ्लिक्सनं '१३ रीझन्स व्हाय' ही मालिका २०१७ मध्ये काढली. त्यातल्या तसल्या एका दृश्यावर डॉक्टर आणि आईबाप ओरडत राहिले. शेवटी जुलै २०१९ मध्ये ते दृश्य कापलं. दोन वर्षं लागली. कात्री आधी चालवली असती तर? आपल्या प्रेस कौन्सिलनंही २०१९ मध्ये बातम्यांसाठी सांगितलं की आत्महत्येची पद्धत वर्णन करू नका. कथा म्हणजे बातमी नव्हे, मान्य. पण वाचणारा तोच असतो. रात्री दोन वाजता, एकटा.

कात्री नसली की काय होतं ते मी बघितलंय. आमच्या वस्तीतल्या एका पोरानं आईच्या आजारावर कादंबरी लिहिली. एका प्रकाशनवाल्यानं पैसे मोजून घेतले आणि पुस्तकांची खोकी घरी आणून टाकली. पावतीवर 'संपादन' असं छापलेलं होतं, त्याचे पैसे वेगळे लावले होते. पुस्तकात आई चाळिसाव्या पानावर पंचावन्न वर्षांची, नव्वदाव्या पानावर अठ्ठेचाळीसची. ते एक वेळ सोडा. आईचं नाव तेच, गल्ली तीच, कुठल्या दिवशी उघडी रस्त्यावर आली तो दिवसही तोच. बाई बरी होऊन घरी आली तेव्हा नळावरच्या बायका तिला पुस्तकातलं ऐकवायच्या. पोरगा खोटं लिहीत नव्हता, त्याचं आईवर प्रेम होतं. पण 'आईला विचारलंस का?' हा एक प्रश्न विचारणारा माणूस त्या छापखान्याच्या वाटेवर कुठंच उभा नव्हता.

आता संपादकानं कुठं हात लावायचा नाही, तेही ऐका. आजी म्हणते, 'पोरीला बाहेरचं झालंय', तर ती तेच म्हणणार. तिच्या तोंडी 'मनोविकार' कोंबायचा नाही. वस्तीत 'येडं' म्हणतात, तर 'येडं'च राहील. पण निवेदकही जर त्याच तोंडानं 'येडं' म्हणून हसत असेल, तर संपादकानं त्याची गचांडी धरावी. भगत झाडानं झोडपतो ते लिहा, जरूर लिहा. फक्त कथेच्या शेवटी भगत जिंकत असेल, तर ज्या चळवळीनं तुम्हाला लेखणी दिली तिला काय तोंड दाखवणार? भाषा लेखकाची, जबाबदारी दोघांची.

असा माणूस फुकट मिळत नाही. 'व्यावसायिक' म्हटलं की आपल्याला 'विकलेला' ऐकू येतं. व्यावसायिक म्हणजे ज्याला काम येतं आणि ज्याच्या कामाला दाम आहे, एवढंच. फुकटचं काम म्हणजे वेठ. वेठ आपल्या बापांनी सोडली, आपण ती चळवळीच्या नावावर परत का सुरू करायची? मुखपृष्ठावर उधळतो त्यातले थोडे पैसे काढा आणि आपल्याच पोरापोरींना हे काम शिकवा. मनाच्या आजारावरची प्रत्येक कथा छापण्याआधी दोघांनी वाचावी. एकाला भाषेची जाण असावी, दुसऱ्यानं तो आजार भोगलेला असावा किंवा त्यावर इलाज करत असावा. खऱ्या माणसावर कथा असेल तर त्याला विचारावं. आणि कथेखाली एक ओळ टाकावी, 'टेलि-मानस, १४४१६.' सरकारची मोफत फोनसेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. त्या एका ओळीनं तुमची कथा बाटत नाही.

पुढच्या अंकापासून गठ्ठ्यातली अशी कथा मी जशीच्या तशी पुढं पाठवणार नाही. पेन्सिलीच्या खुणांसकट लेखकाकडं परत पाठवीन. ज्याला राग येईल त्यानं यावं, भांडावं, आपण रात्रभर बसू. एकेका वाक्यावर भांडू. पण हस्तलिखित बरोबर घेऊन या.

जयभीम.