बायोडाटा सुधारेल, आडनावाचे काय?

निकाल लागले की नंदनवनात दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. जगनाडे चौकापासून आतल्या गल्ल्यांपर्यंत खांबाखांबावर चिकटलेल्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या जाहिराती, आणि हातात प्लॅस्टिकची फाईल घेऊन झेरॉक्सच्या दुकानापुढे उभी असलेली आमची पोरेपोरी. कर्मवीर दादासाहेब कन्नमवारांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात आहे आणि झोपडपट्टीही याच भागात आहे. बाप सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी आणि पोरगी इंजिनिअर, अशी घरे आता इथे नवलाची राहिलेली नाहीत. हे बाबासाहेबांचे देणे आहे. प्रश्न पदवीनंतरचा आहे.

करिअर मार्गदर्शन शिबिरांत या मुलांना काय सांगतात? इंग्रजी सुधारा, बायोडाटा एका पानात बसवा, नजरेला नजर देऊन बोला. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. नोकरी मिळाली नाही तर उणीव तुझ्यातच, एवढे मात्र तो मुलाच्या मनावर पक्के ठसवतो. दाराच्या आत बसलेला माणूस काय पाहतो, यावर मार्गदर्शक अवाक्षर काढत नाही.

तो काय पाहतो हे आम्ही अंदाजाने सांगत नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, पात्रता तीच; फरक फक्त नावाचा. कुठे सवर्ण हिंदू नाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम. सवर्ण नावाला बोलावणे येण्याची जेवढी शक्यता, तिच्या दोन-तृतीयांश दलित नावाला आणि जेमतेम एक-तृतीयांश मुस्लिम नावाला! मुलाखत झालीच नव्हती, त्यामुळे टाय आणि आत्मविश्वास यांचा इथे प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना बोलते केले. जात आम्ही मानत नाही, गुणवत्ताच पाहतो, असे हे अधिकारी सांगत. आणि लगेच उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणे कसे आवश्यक आहे, तेही सांगत. वडील काय करतात, भाऊबहीण किती शिकले, राहता कुठे? सेंट्रिंग कामगाराच्या मुलीने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? याला ते गुणवत्ता म्हणतात.

आमच्या मागच्या पिढ्यांनाही नोकरी ओळखीनेच लागत होती, हे मान्य करू. पण ती ओळख आमची होती. मामा गिरणीत असे, काका रेल्वेत. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली आणि तिच्याबरोबर ती ओळखही गेली. आता मिहानमधल्या कंपनीत शिरायचे तर आतल्या कर्मचाऱ्याची शिफारस लागते, तिला 'रेफरल' म्हणतात. ज्यांचे नातेवाईक आधीच आत आहेत त्यांचेच नातेवाईक पुढे आत जाणार. वशिल्याला इंग्रजी नाव मिळाले की तो व्यवस्थापनशास्त्र होतो!

सरकारी दाराची अवस्था काय? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीव वर्गाला ९००. सेंट्रिंगवरच्या बापाची दीड-दोन दिवसांची मजुरी एका अर्जात गेली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. ओरड झाली, ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. माणूसच ठेकेदाराचा असेल तर बिंदुनामावली लावायची कुठे? निर्णय रद्द झाला म्हणून वृत्ती रद्द झाली, असे समजण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही.

खासगी क्षेत्रात आरक्षणाची भाषा २००४ च्या किमान समान कार्यक्रमात आली. मग उद्योगपतींच्या संघटनांनी 'स्वेच्छेने करू' म्हणून कायदा टाळला. ही मागणी सोडायची नाही. परंतु एक गोष्ट चळवळीच्या नजरेतून निसटली आहे. खासगी कारखान्यातही राखीव जागा देणारा एक कायदा या देशात आजही जिवंत आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१! त्यात १९७३ साली कलम ३-अ घातले गेले. त्यानुसार मालकाने शिकाऊ उमेदवारांच्या जागांपैकी काही जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखायच्या असतात. कायदा बुटीबोरीला लागू आहे आणि हिंगण्यालाही. आयटीआयवाल्यांसाठी आहे, तसाच पदविका आणि पदवीधारकांसाठीही. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे, विद्यावेतनही तुटपुंजे असते, आणि शिकवण्याच्या नावाखाली राबवून घेणारे मालक आहेतच. तरीही आडनाव ज्या दारावर अडते ते दार कायद्याच्या जोरावर उघडण्याची ही जागा आहे. वर्षभर आत काढले की अनुभवाचा कागद हाती येतो आणि आतली ओळखही होते.

मुलांनो, तोवर आपले कागद पक्के ठेवा. राज्याच्या कामासाठी आणि केंद्राच्या नोकरीसाठी जात प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. दोन्ही काढा. जात वैधतेसाठी नेमणुकीच्या आदेशाची वाट पाहू नका. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून आली नाही म्हणून महाविद्यालय गुणपत्रिका किंवा टी.सी. अडवत असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे. हाती आलेली नोकरी एका गुणपत्रिकेपायी गेल्याच्या कहाण्या आमच्या वस्त्यांत कमी नाहीत.

आणि आमच्या नोकरदार बांधवांनो! पुण्यात, हैदराबादेत, मिहानमध्ये तुम्ही आता आत आहात. जयंतीची वर्गणी वेळेवर देता, चांगले आहे. पण तुमच्या कंपनीत रिकाम्या जागेची बातमी वस्तीतल्या मुलाला कधी कळवली? रेफरलच्या अर्जावर आपल्या मुलीचे नाव लिहिताना हात का थबकतो? साहेबाला जात कळेल म्हणून? १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल कळवळून बोलले होते, ते तुमच्या-आमच्याबद्दलच होते.

नंदनवनात, आणि जिथे जिथे आपली विहारे आहेत तिथे, वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्यावा. एका वहीत मुलांची नावे आणि शिक्षण, दुसरीत बाहेर असलेल्या आपल्या माणसांचे फोन. पदवी व पदविकाधारकांची शिकाऊ उमेदवारी मुंबईचे प्रशिक्षण मंडळ पाहते, आयटीआयवाल्यांची राज्याचे कार्यालय. दोन्हीकडे माहितीच्या अधिकारात एकेक अर्ज टाका. शुल्क दहा रुपये. विचारायचे एवढेच: बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमधील कोणत्या कारखान्याने गेल्या तीन वर्षांत किती शिकाऊ उमेदवार घेतले, कलम ३-अ प्रमाणे किती जागा राखायला हव्या होत्या, किती भरल्या, आणि न भरणाऱ्यांवर काय कारवाई केली.