बाप्तिस्म्याची तारीख आणि सोमवारची सकाळ

नगरच्या कुठल्याही कॉलेजात शिकणाऱ्या ख्रिस्ती मुला-मुलीला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘तुमच्या घरचे कन्व्हर्ट कधी झाले रे?’ विचारणारा कधी सहज विचारतो, कधी टोमणा म्हणून. पण दोन्ही वेळा त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की धर्म म्हणजे एका तारखेला घडून संपलेला प्रसंग. गंमत म्हणजे चर्चमध्ये आपणही असंच बोलतो. अमक्या सभेत माझं जीवन बदललं, तमक्या कॅम्पमध्ये मी प्रभूला स्वीकारलं. मोठं स्टेज, मोठा साऊंड, डोळ्यांत पाणी. मग सोमवार उजाडतो आणि नऊ वाजता प्रॅक्टिकल असतं. त्या सोमवारचं काय?

माझं म्हणणं असं, की श्रद्धा घडते ती या सोमवारी. मोडते तीही तेव्हाच. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचलं असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या, त्याही संस्कृत काव्यावर. निरोप घेताना त्या माणसाने त्यांना बायबलमधला नवा करार दिला. सभा नाही, भाषण नाही. प्रवासातल्या गप्पा आणि एक पुस्तक, एवढंच. टिळक ते वाचत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर ही त्यांची कर्मभूमी झाली.

नवऱ्याची तारीख ठरली, बायकोची मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा संसार त्या एका दिवसात उधळला. काही काळाने त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळंओवळं, खाण्यापिण्याचे नियम सुटले नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. म्हणजे तब्बल पाच वर्षं! या काळात कुणी त्यांना वादात हरवलं आणि त्या ख्रिस्ती झाल्या, असं काही घडलं नाही. त्यांची लढाई चालली होती रोजच्या घागरीशी आणि ताटाशी. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं? कुणाच्या पंगतीला बसायचं? जात देवाने केली की माणसाने? या प्रश्नाचं उत्तर मनाशी पक्कं झालं तेव्हा त्यांनी आधी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा नंतर आला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर लायब्ररीतून जरूर घ्या. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, वाचताना हसालही आणि मध्येच थांबालही.

त्याही आधीचं एक नाव आहे, सिंथिया फॅरार. या अमेरिकन बाई १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये वारल्या, त्याही इथेच. तेवीस वर्षं त्यांनी काय केलं? मुलींना शिकवलं. रोज तीच शाळा, तीच अक्षरओळख. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन हे काम पाहिलं आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. कुठला वर्ग, कुठला दिवस पुढे इतका मोठा ठरणार आहे, हे बाईंना तेव्हा कुठे ठाऊक असणार?

आता कुणी म्हणेल, मग मोठे क्षण काय फुकटचे? अजिबात नाही. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते, तेव्हा तिथली गर्दी बघा. त्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. एकत्र गायल्याने, चालल्याने बळ येतं, ते खोटं नसतं. पण यात्रेहून परतताना एसटीत म्हातारीला जागा कोण देतं, तिथे त्या बळाची परीक्षा असते.

आणि ही परीक्षा आपल्याला सोपी जात नाही, हे मान्य करू या. लक्ष्मीबाईंनी घागरीपाशी सोडलेली जात आपल्या कित्येक घरांत लग्नाच्या बायोडेटापाशी अजून उभी आहे. चर्चमध्ये ‘आपण सगळे एक’ म्हणायचं आणि स्थळ आलं की हळूच ‘मूळचे कोण?’ विचारायचं. हॉस्टेलवर प्रार्थना करायची आणि मेसच्या मावशींशी तुसडेपणाने बोलायचं. स्टेटसला वचन ठेवायचं आणि खाली मित्राची प्रॉक्सी लावायची. ही काही महापापं नव्हेत. पण माणूस यातूनच बनत जातो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

चांगुलपणाचा मक्ता ख्रिस्ती लोकांकडेच आहे असं मुळीच नाही. तुमच्या वर्गातला कुणीही मावशींशी नीट बोलू शकतो, प्रॉक्सी नाकारू शकतो. पण येशूने देवाचं राज्य समजावताना मोहरीच्या दाण्याची आणि पिठातल्या खमिराची उदाहरणं दिली. दोन्ही गोष्टी शेतातल्या आणि चुलीजवळच्या, दोन्ही हळूहळू आणि कुणाच्या नकळत वाढणाऱ्या. त्याला मानणाऱ्याने निदान छोट्या गोष्टींना छोटं समजू नये.

म्हणून ख्रिस्ती दोस्तांनो, पुढची मोठी सभा कधी आहे याची वाट बघू नका. उद्या कॅन्टीनमध्ये जो एकटा बसतो, त्याच्यासमोर डबा उघडा. घरात लग्नाचा विषय निघाला की जातीचा रकाना खोडायला सांगा. रागावतील, रागावू द्या.

आणि बाकीच्या दोस्तांनो, ‘कन्व्हर्ट कधी झालात?’ हा प्रश्न एकदा बाजूला ठेवून बघा. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्याकडे रोज काय असतं?’ या प्रश्नाचं उत्तर एका तारखेत मावणार नाही. त्यासाठी चहा मागवावा लागेल.