रोशाच्या तेलावर खान्देशचे नाव हवे

इस्तंबूलच्या ‘निशाने’ या अत्तरघराचे ‘वुलाँग चा’ नावाचे एक अत्तर आहे. ऊलाँग चहाचा दरवळ हाच त्याचा गाभा. झाँ-क्लोद एलेना यांनी १९९२ मध्ये बुल्गारीसाठी हिरव्या चहाचे अत्तर घडवले, तेव्हापासून अत्तरांच्या जगात चहाला मान मिळाला.

ऊलाँगची पाने आधी कोमेजू देतात, मग हलवून त्यांच्या कडा दुखावतात आणि ती अर्धवट तांबूस झाली की आच देऊन थांबवतात. या खटाटोपात पानात सुगंधी रेणू तयार होतात. त्यांतलाच एक जिरॅनिऑल. गुलाबासारख्या वासाचा हा रेणू खान्देशच्या डोंगरउतारांवर चक्क गवतात सापडतो. या गवताला रोशा म्हणतात, कुठे तिखाडी. चांगल्या रोशा तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑलच असतो.

एकोणिसाव्या शतकात या तेलाचा धंदा आधी पिंपळनेरला होता. शेती वाढली, तिथले गवत आटले, तशा भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकल्या. पावसाळा सरता सरता भिल्ल गवत कापून आणत; भट्टीवाले ते विकत घेऊन ओढ्याकाठी तेल काढत. बैलांवर लादलेले तेल कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला जाई, पुढे रेल्वेने मुंबईला. तिथून ते इस्तंबूलला पोहोचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला नाव मिळाले ‘तुर्की जिरॅनियम तेल’. गवत खान्देशचे, घाम भिल्लांचा आणि नाव तुर्कस्तानचे!

हा अन्याय पुन्हा होऊ द्यायचा नसेल, तर गवताचा भारा विकून भागणार नाही. तेल गावातच निघाले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर स्थानिक आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगरपट्ट्यातील ग्रामसभांना त्याच आधारावर ऊर्ध्वपातनाची यंत्रे मिळावीत.

कारखान्यात बनणारा जिरॅनिऑल स्वस्त पडतो, हे खरे. पण नैसर्गिक तेलात त्याच्या जोडीला इतर घटकही असतात. त्याचा वास अधिक भरलेला लागतो आणि त्याला वेगळा ग्राहक आहे. त्या ग्राहकाला शुद्धतेचा दाखला लागतो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने ही तपासणी ग्रामसभांना अल्प दरात करून द्यावी. इंधनासाठी झाडे तोडायची गरज नाही. तेल काढलेले गवत वाळवून भट्टीत जाळता येते. पिंपळनेरसारखे गवत आटू नये म्हणून हलक्या जमिनीवर लागवडही हवी. लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने त्यासाठी सुधारित वाण तयार केले आहेत.

पहिली मागणी मात्र साधी आहे. धुळे-जळगावच्या जिल्हा नियोजन समित्यांनी येत्या आराखड्यात रोशासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि विक्रीला निघणाऱ्या प्रत्येक पिंपावर गावाचे नाव, कापणीचे वर्ष आणि तपासणीचा दाखला बंधनकारक करावा.